उजवी खुर्ची

फोन मीच केला होता.
हे आधी सांगून टाकलेलं बरं.

किर्केनेस. जानेवारी. पहाटेचे सहा,
पण आमच्या त्या टोकाला पहाट हा नुसता घड्याळाचा दावा;
नोव्हेंबरात बुडालेला सूर्य अजून परतला नव्हता.
कॅप्टन तोर्गाइर हाउक्नेस विमानाला फेरी मारून आला,
पंख्याच्या पात्यावरून उघडा तळहात फिरवत,
घोड्याची मान थोपटावी तसा,
आणि म्हणाला, "चल, उशीर नको."
तोंडात पेपरमिंट होतं.
पेपरमिंटच्या मागे जे उभं होतं
ते मला आधीही दोनदा भेटलेलं.
दोन्ही वेळा मी खिडकीबाहेर पाहिलं होतं.

त्या दिवशी तेवीस प्रवासी.
एक बाई आठ दिवसांचं बाळ घेऊन
दवाखान्यातून घरी निघालेली.
मी बाथरूमचं दार लावलं
आणि चहाडी करावी तेवढ्याच आवाजात
विमानाचा नंबर सांगितला.

यंत्राने मर्यादेच्या तिप्पट आकडा दाखवला.
पोलीस दार धरून उभे, अगदी अदबीने,
आणि कागद माझ्या हातात देत तो म्हणाला,
"वार्डोला वारा आडवा आहे. उतरताना सांभाळ."
बाकी काहीच नाही.
शिवी दिली असती
तर मी सात वर्षं शांत झोपले असते.

परवाना गेला. घर गेलं.
सुल्व्हाई मुलींना घेऊन ट्रोम्सोला राहायला गेली.
आणि पुढच्याच्या पुढच्या हिवाळ्यात
वार्डोवर उतरायला वळताना
रेडिओवर टॉवरशी बोलणारा त्याचा आवाज:
"धावपट्टी साफ. पकड मध्यम. कडेला ढीग आहेत."
तो बर्फाचा नांगर चालवत होता.
ज्या पट्टीवर चाकं टेकवायचा
तीच पहाटे तीनपासून खरवडत होता,
माझ्या चाकांसाठी.
मी म्हणाले, "समजलं."
पाच हिवाळे आमचं बोलणं एवढंच.

मग कंपनीचं पत्र.
रक्ताच्या तपासण्या, चर्चच्या तळघरातल्या मंगळवारच्या बैठका,
पोरासोरांच्या रांगेत बसून पुन्हा दिलेल्या परीक्षा,
सगळ्याची नोंद, आणि खाली एक प्रश्न:
याच्यासोबत उडायला आपली हरकत आहे का?
तीन आठवडे ते फ्रिजवर लटकत होतं,
मुलाच्या दातांच्या डॉक्टरच्या चिठ्ठीखाली.
बेंटे म्हणाली, "कुत्र्याचं शेपूट, दुसरं काय."
असेलही.
क्षमा वगैरे माझ्यापाशी नव्हती.
मुळात ती मी करायची की त्याने, इथेच गाडी अडली होती.
एका रात्री "नाही"वर खूण केली
आणि मन फिरायच्या आत लिफाफा चाटून बंद केला.

आज तो उजव्या खुर्चीत. वय पन्नास,
खांद्यावर एक पट्टी कमी.
डावीकडे मी.
पट्टा आवळण्याआधी तो माझ्याकडे वळला
आणि डॉक्टरसमोर मूल करतं तसं
तोंड उघडून म्हणाला, "हा."
"याची गरज नाही," मी म्हटलं.
"आहे."
मी वाकले.
कॉफी. राईचा पाव. थंडी.
उद्याही वाकेन. परवाही.
याला विश्वास म्हणतात की अविश्वास, मला माहीत नाही;
आम्ही ते यादीत घातलंय,
इंधनानंतर, दारांच्या आधी.

वार्डोवर वळलो तेव्हा
एका पोराचा कोवळा आवाज आला: "धावपट्टी साफ."
तोर्गाइर स्वतःशीच पुटपुटला,
"उत्तरेची कड राहिली असणार. तिथे येईपर्यंत कंटाळतो माणूस."

वारा आडवा होता.
मी चाकं जरा दक्षिणेला टेकवली.